शोधा आणि बदला

२०२१ च्या जानेवारीत ऑफिसकडून माझ्या नावावर एक काम आलं. वर्णन एका ओळीचं होतं. नेटवर्क बाँडिंगच्या मार्गदर्शिकेतून 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' हे शब्द काढायचे आणि त्यांच्या जागी सध्याच्या संज्ञा घालायच्या. मुदत दोन आठवडे. 'अवघडपणा' या रकान्यात कुणीतरी 'कमी' असं लिहिलं होतं.

मी तांत्रिक लेखिका आहे. यंत्रं घडवणारे जे बोलतात ते यंत्रं चालवणाऱ्यांना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. कंपनी बंगळुरूची, लिहायचं इंग्रजीत. पण त्या जानेवारीत मी बंगळुरूला नव्हते. टाळेबंदीत ऑफिस बंद झाल्यापासून बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत होते. घरात रेंज येत नसे. बाहेर लिंबाखाली खाट टाकली की फोनवर दोन दांड्या दिसत. दोन फोन होते, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. एकाची रेंज गेली की दुसऱ्यावर जायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, समोरच्या ओट्यावर बसून माझी ही धावपळ बघत असत.

गंमत अशी की मला ज्या विषयावर लिहायचं होतं, तो थेट हाच होता.

सर्व्हरला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार एकच असेल, तर ती तुटली की सगळं बंद. म्हणून दोन नेटवर्क कार्डं बसवतात, दोन तारा काढतात, शक्यतो दोन वेगळ्या स्विचना जोडतात. मग लिनक्समधला बाँडिंग नावाचा ड्रायव्हर या दोन्ही कार्डांची मिळून एकच जोडणी तयार करतो. तिचं नाव बहुधा 'बाँड-शून्य'. बाहेरच्यांना एकच दिसते, आत दोन असतात. हे चालवण्याच्या सात पद्धती आहेत. कुठे दोघी आळीपाळीने भार वाहतात, कुठे एक काम करते आणि दुसरी राखीव बसून राहते. ठरावीक वेळाने, समजा दर १०० मिलिसेकंदांनी, ड्रायव्हर तारेची नाडी बघतो. चालू तार पडली की राखीव तार काम उचलते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

या ड्रायव्हरचं मूळ डोनाल्ड बेकर यांनी लिनक्सच्या २.० या आवृत्तीसाठी केलेल्या कामात आहे, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीचं. तेव्हापासून वरच्या एकत्रित जोडणीला 'मास्टर' आणि तिच्याखालच्या खऱ्या कार्डांना 'स्लेव्ह' म्हणत आले. कार्ड बाँडमध्ये घालण्याच्या क्रियेला 'एन्स्लेव्ह' करणं, गुलाम करणं, असा शब्द आहे. ते काम करणाऱ्या जुन्या प्रोग्रामचं नावच 'इफएन्स्लेव्ह'. आठ वर्षं मी हे शब्द टाइप केले होते. एकदाही थांबले नव्हते.

हे शब्द फक्त बाँडिंगचे नाहीत. हार्डडिस्कवर होते, डेटाबेसमध्ये होते, मोटारीच्या ब्रेकमध्येही आहेत. रॉन एग्लॅश या अभ्यासकाने २००७ मध्ये या जोडीचा माग काढला. तो त्याला १९०४ पर्यंत घेऊन गेला. त्या साली डेव्हिड गिल या खगोलशास्त्रज्ञाने केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेतल्या घड्याळाचं वर्णन करताना 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' हे शब्द वापरले. केपमधली गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये संपली होती. तिथल्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसंही होती. माणसं सुटली, आणि ७० वर्षांनी त्यांचं नाव घड्याळाला मिळालं. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवला. त्यावर त्याहून जास्त काही केलं नाही.

विरोधही नवा नव्हता. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना उपकरणांवरचे हे शब्द टाळायला सांगितलं, तेव्हा लोक हसले होते. २०१४ मध्ये जँगोने आपल्या दस्तावेजातून ते काढले, २०१८ मध्ये पायथनने. मग २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारलं आणि बाकीचेही जागे झाले. जुलैमध्ये लिनक्स कर्नेलच्या लेखनशैलीच्या नियमांत भर पडली. नव्या नावांमध्ये आणि दस्तावेजांमध्ये 'मास्टर-स्लेव्ह' आणू नयेत. पर्यायांची यादीही दिली होती. प्रायमरी-सेकंडरी, लीडर-फॉलोअर, कंट्रोलर-डिव्हाइस आणि आणखी काही. खाली एक अपवाद होता. आधीपासून बाहेरचे प्रोग्राम ज्या नावांवर विसंबून आहेत ती नावं टिकवण्यासाठी जुने शब्द चालतील. हा अपवाद मी वाचला आणि पुढे गेले. वकिलाची बायको जशी बारीक अक्षरं न वाचता सही करते, तसं झालं. हे पुढे महागात पडलं.

आमच्या मार्गदर्शिकेसाठी आम्ही 'पोर्ट' हा शब्द ठरवला. तो उसना नव्हता. तारा एकत्र करण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्यापासून 'अ‍ॅग्रीगेटर' आणि 'पोर्ट' असेच शब्द आहेत. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांचं गुलामावाचून काही अडलं नव्हतं. दोन्ही शब्द मिळून आमच्या मजकुरात २१४ वेळा आले होते. मी 'शोधा आणि बदला' उघडलं, वर जुना शब्द घातला, खाली नवा, आणि 'सगळे बदला' दाबलं. अर्धा सेकंद लागला. इफएन्स्लेव्हचं 'इफएनपोर्ट' झालं, तेवढं हसत हसत हाताने दुरुस्त केलं.

"काय करायलीस, बाई?" आण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. दोन तारा असतात, त्यांची मिळून एकच धरतात. एक आजारी पडली तर दुसरी काम करते. या माझ्या दोन सिमांसारखं समजा.

ते थोडं थांबले. "म्हंजे कोयता," म्हणाले.

मी मान वर केली नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. पाच-सहा महिने कोपी करून फडात राहायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मुकादम कारखान्याच्या वतीने टोळी जमवतो आणि हंगामाआधी पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. ती उचल फिटेपर्यंत काम करायचं, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा जायचं. उचल माणशी मिळत नाही, कोयत्यामागे मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशोबात दोघं एक. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. "तुमच्या गावातून किती कोयते येणार?" असं मुकादम विचारतो तेव्हा तो हत्यारं मोजत नसतो.

माझे आई-वडील १९ हंगाम एक कोयता होते.

पहिली काही वर्षं मीही त्यांच्याबरोबर जायचे. चौथीनंतर आजीपाशी राहिले, मग सहावीला नवोदयला नंबर लागला आणि आयुष्याची गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली. औरंगाबादला इंजिनिअरिंग, मग बंगळुरू. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, घरी काय करतात. मी म्हटलं, शेतकरी आहेत. खोटं नव्हतं. दीड एकर कोरडवाहू होती. पण तो 'शोधा आणि बदला'चाच प्रकार होता आणि त्यालाही अर्धाच सेकंद लागला होता. त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीतसुद्धा, 'शेतकरी'. आईच्या रकान्यात 'गृहिणी'.

"कोयत्यात पण एक आजारी पडला तर दुसरा करतो का सगळं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"करावंच लागतं," आण्णा म्हणाले. "पर खाडा धरतेत. तुझ्या माय्ला ताप आला तवा दोघाचाबी खाडा धरला होता. तुझ्या तारेला खाडा हाय का?"

तारेला खाडा नसतो. पण ड्रायव्हर एक आकडा मात्र ठेवतो, कोणती तार किती वेळा पडली त्याचा. ते मी आण्णांना सांगितलं. "मंग हायच की," ते म्हणाले आणि उठून बैलाला वैरण टाकायला गेले.

आठवड्याने या मजकुराची ऑनलाइन तपासणी होती. आम्ही सात जण होतो आणि बोलणं लवकरच तारांवरून भाषांवर घसरलं. चेन्नईचा सहकारी म्हणाला, तमिळमध्ये याला 'अडिमै' म्हणतात आणि तो शब्द तोंडाला जड वाटतो. इंग्रजी 'स्लेव्ह' मात्र सहज निघतो, कारण तो आपला नाही. म्हैसूरची मुलगी म्हणाली, आमच्याकडे 'दास' म्हटलं की पुरंदरदास, कनकदास आठवतात, त्यात कसला अपमान? मी म्हटलं, मराठीतही दास म्हणजे देवाचा दास. आणि गुलाम? गुलाम पत्त्यांत असतो, राणीच्या खाली. लाडाने मुलाला 'लबाड गुलाम' म्हणतात. सगळे हसले. मी जरा जास्तच रंगून सांगत होते. आपापल्या भाषेतली गोड उदाहरणं देताना सगळ्यांनाच मोकळं वाटत होतं. जणू शब्दाचं वजन वाटून घेतल्यामुळे कुणाच्याच डोक्यावर काही उरलं नव्हतं.

नॉर्थ कॅरोलायनातली एक सहकारी तोवर गप्प होती. ती चाचणीच्या विभागात होती, कृष्णवर्णीय, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "मी माझ्या घराण्याचा शोध घेत होते. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. मालकाचं नाव लिहिलेलं असतं. त्याखाली वय, पुरुष की बाई, रंग. नावं नसतात. माझी खापरपणजी त्या यादीत बहुतेक 'बाई, १९' आहे. मला खात्रीने सांगता येत नाही, कारण तिथे 'बाई, १९' अशा दोघी आहेत."

कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "हा शब्द मी रोज टाइप करते. सवय झाली आहे. सवय झाली याचाच मला राग येतो." आणि तिने पुढचं पान दाखवायला सांगितलं.

माझ्या डोळ्यांसमोर मुकादमाची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात आण्णांचं नाव, पुढे 'एक कोयता', पुढे उचलीची रक्कम, शेवटी अंगठा. मायचं नाव त्या वहीत १९ वर्षांत एकदाही आलं नाही. हे त्या बैठकीत सांगण्यासारखं होतं. सांगण्याची तीच वेळ होती. मी पुढचं पान दाखवलं.

मार्गदर्शिका फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. मार्चमध्ये एका रात्री आमच्या एका ग्राहकाची सगळी यंत्रणा ४० मिनिटं बंद पडली.

झालं होतं ते असं. एका सर्व्हरचं नेटवर्क कार्ड खराब झालं होतं. रात्रपाळीचा मुलगा नवीन होता, माझी मार्गदर्शिका उघडून एकेक पायरी करत होता. बाँडमध्ये कोणती कार्डं आहेत हे बघण्यासाठी लिनक्समध्ये एक फाइल असते. तिचं नाव आहे 'स्लेव्हज'. मी ते 'पोर्ट्स' करून टाकलं होतं. त्या नावाची फाइल कुठल्याच सर्व्हरवर नाही. त्याने शोधली, सापडली नाही. मग त्याने बाँडची सद्यस्थिती छापून बघितली. माझ्या पुस्तकातल्या नमुन्यात लिहिलं होतं, 'सध्या चालू असलेला पोर्ट'. त्याच्या पडद्यावर होतं, 'सध्या चालू असलेला स्लेव्ह'. हे दोन्ही एकच, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, बाँड चुकीचा बांधला गेलाय. त्याने तो सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. सोडल्याबरोबर चांगली तारही गेली.

दुसऱ्या दिवशी झालेल्या चौकशीत माझ्यावर कुणी ओरडलं नाही. मला मात्र रात्रभर एकच गोष्ट टोचत होती. फाइलचं नाव बदलणं ही चूक होती, पण नमुन्यातला मजकूर बदलणं हा खोटेपणा होता. पडद्यावर यंत्र जे बोलतं ते मी अवतरणात दिलं होतं आणि त्या अवतरणातला शब्द बदलला होता. यंत्र जे म्हणालंच नाही ते त्याच्या तोंडी घातलं होतं. साक्षीदाराची जबानी सुधारून घ्यावी तसं.

त्या नियमाखालचा अपवाद मी तेव्हा नीट वाचला. कर्नेलच्या लोकांचा एक जुना हट्ट आहे. कर्नेलमध्ये काहीही बदला, पण त्यावर चालणारा बाहेरचा प्रोग्राम त्यामुळे मोडता कामा नये. जगभरात हजारो लहानमोठे प्रोग्राम त्या 'स्लेव्हज' फाइलमध्ये डोकावतात, छापलेल्या ओळींत 'स्लेव्ह' हा शब्द शोधतात. आज तो काढला तर उद्या कुठली तरी धोक्याची घंटा वाजणार नाही. म्हणून वरवरच्या साधनांत, नव्या मार्गदर्शिकांत 'पोर्ट' आणि 'कंट्रोलर' येत गेले, पण तळाला जुने शब्द तसेच आहेत. 'जोडणी दाखव' म्हटलं की आजही तारेपुढे मोठ्या अक्षरांत 'स्लेव्ह' उमटतं.

हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे वरून रंग मारला, आतली भित तीच."

मी जरा चिडले. चूक माझी होती आणि राग कुणावर तरी काढायचा होता. मी म्हटलं, आण्णा, मुळात हा शब्दच तिथे चुकीचा होता. ज्याला मास्टर म्हणतात ते काही खरं नसतंच. त्याला ना तार, ना कार्ड, नुसतं नाव. सगळा भार खालचे वाहतात. त्याचा स्वतःचा पत्तासुद्धा नसतो, पहिल्या कार्डाचा पत्ता तो स्वतःला लावून घेतो आणि मग तोच बाकीच्या कार्डांना देतो. खालचे काढून घेतले तर मास्टर एक अक्षरसुद्धा पुढे पाठवू शकत नाही. असा कुठे मालक असतो का?

आण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. "बाई," ते म्हणाले, "आन् मालक कसा असतो?"

मला उत्तर सुचलं नाही. आठ वर्षांच्या अनुभवाने मी सिद्ध केलं होतं की ही उपमा तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे. एका वाक्यात त्यांनी दाखवलं की ती तंतोतंत बरोबर आहे. मग ती बदलायची कशासाठी?

यावर मी बरेच दिवस विचार केला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. पुण्यातला एक माणूस हा शब्द मुद्दाम उचलून शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला लावत होता, कारण इथे त्या जगण्याला परंपरा, धर्म, रीत अशी सभ्य नावं होती. त्यांनी सभ्य नाव काढून खरं नाव घातलं. तोही बदलच होता. माणसाच्या गुलामीला गुलामी म्हटलं की ती दिसू लागते. तारेला गुलाम म्हटलं की ती दिसेनाशी होते, रोजच्या टाइप करण्यात विरून जाते. आणि माणसाच्या जोडीला कोयता म्हटलं की तीही दिसेनाशी होते. उपमा अचूक आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्या शब्दाने कुणाला सवय लागते आणि कुणाचं नाव पुसलं जातं, हा होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती इथे लिहून ठेवते. आमच्या त्या बैठकीत 'बाँड' या शब्दावर कुणीच हरकत घेतली नव्हती. इंग्रजीत तो स्नेहाचाही शब्द आहे. पण आपल्या देशात १९७६ चा एक कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावात 'बाँडेड' आहे आणि मराठीत आपण त्याला वेठबिगारी म्हणतो. आगाऊ रक्कम घेऊन ती फिटेपर्यंत राबावं लागणं, ही त्या कायद्यातली एक खूण आहे. उचलीला कुणी वेठबिगारी म्हणत नाही. उचल म्हणतात.

एप्रिलमध्ये मी मार्गदर्शिका पुन्हा लिहिली. या वेळी 'शोधा आणि बदला' वापरलं नाही. २१४ जागा एकेक करून वाचल्या. आम्ही समजावून सांगतो तिथे 'पोर्ट' ठेवला. यंत्र स्वतः बोलतं तिथे, फाइलींच्या नावांत, आज्ञांत, पडद्यावरच्या नमुन्यांत, जुना शब्द जसाच्या तसा परत आणला. आणि पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला चार ओळींची टीप घातली. त्यात लिहिलं की या पुस्तकात ज्याला पोर्ट म्हटलं आहे त्याला पूर्वी स्लेव्ह म्हणत, तो शब्द आम्ही आता वापरत नाही, पण तुमच्या पडद्यावर तो अजून दिसेल, आणि दिसला तर गोंधळू नका, तो हाच. कामाला दोन आठवडे लागले. म्हणजे मूळ मुदतीइतकेच.

नॉर्थ कॅरोलायनाच्या सहकारीकडे ती टीप तपासायला गेली. तिने एक स्वल्पविराम बदलला आणि मंजूर केली. त्याच संदेशाच्या उत्तरात मी तिला मुकादमाच्या वहीबद्दल लिहिलं. तीन परिच्छेद झाले. कोयता म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना मला प्रत्येक वाक्य दोनदा खोडावं लागलं. हे मी आजवर इंग्रजीत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मराठीतही नाही. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिल्या ओळीत धन्यवाद. दुसऱ्या ओळीत प्रश्न: तुझ्या आईचं नाव काय?

मी ते लिहून पाठवलं.

टिपेबद्दल आण्णांना सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते पुन्हा काहीतरी खोचक बोलतील. ते म्हणाले, "जुनं नाव लिहून ठिवलंस ते बरं केलंस. न्हाईतर हिशोब कसा लागंल?"

त्या वर्षअखेर मी बंगळुरूला परतले. कंपनीच्या आरोग्यविम्यात आई-वडिलांची नावं घालायची होती, त्यासाठी एक फॉर्म आला. त्यात सध्याचा पत्ता होता, कायमचा पत्ता होता. मला बाँडमधल्या कार्डांची आठवण झाली. बाँडमध्ये गेल्यावर कार्डाला दुसऱ्याचा पत्ता चिकटतो, पण त्याचा मूळचा पत्ता ड्रायव्हर एका ओळीत जपून ठेवतो आणि कार्ड सुटलं की त्याला परत देतो.

पुढे 'पूर्वीचा व्यवसाय' हा रकाना होता. दोघांचा वेगवेगळा. आण्णांच्या पुढे लिहिलं, ऊसतोड, १९ हंगाम. मग खाली आले, मायच्या नावासमोर. सवयीने बोटांनी 'गृहिणी' टाइप करून टाकलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, ऊसतोड, १९ हंगाम.